उपाशी पोटी साखर कुठून आली?

दिंडोरी तालुक्यातल्या एका गावची ही गोष्ट. गावाचे नाव सांगत नाही. अशी गोष्ट कोणत्याही गावात घडते.

त्या गावात एक आबा आहेत. वय सत्तरीला टेकलेले. अडीच एकर द्राक्षबाग आहे. अजून रोज बागेत चक्कर असते. आबांना साखरेचा आजार आहे. पुस्तकात त्याला मधुमेह म्हणतात. गावात नुसते 'शुगर' म्हणतात. आबांना गोळी चालू आहे.

एके सकाळी आबांनी उपाशी पोटी रक्त तपासून घेतले. साखर निघाली १७२. निरोगी माणसाची ती १०० च्या आत असते. सूनबाई बरोबर होत्या. घरी आल्याबरोबर त्यांनी फडताळातला गुळाचा डबा उघडून पाहिला.

"आबा, खरं सांगा. रात्री गूळ खाल्लात ना?"

"नाही गं बाई. आठ वाजता भाकरी खाल्ली. मग पाण्याशिवाय तोंडात काही घातलं नाही."

"मग साखर काय आभाळातून पडली?"

आबा काही बोलले नाहीत. म्हातारपणी चोरीचा आळ आला, तोही गुळाच्या खड्याचा! त्या रात्री ते जेवलेच नाहीत. दुसऱ्या रात्रीही नुसते ताक प्यायले. तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त तपासले. साखर १६८. आता सूनबाईही गप्प झाल्या. जेवले नाहीत, गूळ नाही, चहाही बिनसाखरेचा. मग ही साखर आली कुठून?

आबा खरे बोलत होते. साखर त्यांच्या शरीरातूनच आली होती. उजव्या हाताच्या खालच्या बरगड्यांमागे हात ठेवा. तिथे आत यकृत असते. बोकडाचे असते तेव्हा आपण त्याला कलेजी म्हणतो. माणसाचे यकृत सुमारे दीड किलोचे असते. आबांची साखर रात्रभर तिथून पाझरत होती.

हे कसे होते, ते नीट समजून घेऊ. थोडे सावकाश वाचा.

रक्तात साखर किती?

माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती असेल? पावशेर? छटाकभर? नाही. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साधारण पाच ग्रॅम साखर असते. म्हणजे चहाचा एक चमचा.

ही साखर आपल्या डब्यातली साखर नव्हे. तिचे नाव ग्लुकोज. जुन्या मराठी पुस्तकांत तिला द्राक्षशर्करा म्हटले आहे. दिंडोरीच्या माणसाला हे नाव परके वाटायला नको. द्राक्षात जी गोडी भरते, तिच्यात साधारण अर्धी हीच साखर असते, आणि उरलेली बहुतेक फळशर्करा.

आता दुसरा हिशेब बघा. आपला मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज खातो. तासाला पाच ग्रॅम. आपण झोपलो तरी मेंदू झोपत नाही. श्वास चालवायचा, काळजाचे ठोके सांभाळायचे, स्वप्ने दाखवायची, ही कामे चालूच असतात. म्हणजे रक्तातली चमचाभर साखर एकटा मेंदू तासाभरात संपवील. आपण तर रात्री आठला जेवतो आणि सकाळी सात-आठला न्याहारी करतो. मधल्या अकरा-बारा तासांत रक्तातली साखर संपून माणूस बेशुद्ध का होत नाही?

कारण मागून पुरवठा चालू असतो. हा पुरवठा यकृत करते.

भाकरीची साखर होते

आधी ही साखर यकृतात येते कशी ते पाहू. एक सोपा प्रयोग करा. बाजरीच्या भाकरीचा कोरडा तुकडा तोंडात घ्या. गिळू नका. नीट दोन मिनिटे चावत राहा. हळूहळू गोड लागू लागेल.

भाकरीत तर साखर घातलेली नव्हती. पण भाकरीत पिष्ट असते. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांबच लांब माळ. आपल्या लाळेत एक पदार्थ असतो. तो ही माळ तोडतो. माळ तुटली की गोडी जिभेला कळते. असे तोडण्याचे आणि जोडण्याचे काम करणाऱ्या पदार्थांना विकर म्हणतात. डॉक्टर मंडळी एन्झाइम म्हणतात. एक विकर एकच काम करतो, पण ते फार झपाट्याने करतो. आणि काम करून स्वतः संपत नाही. पुढच्या कामाला लागतो.

तोंडात सुरू झालेले हे काम पुढे आतड्यात पुरे होते. भाकरी, भात, बटाटा, साबुदाणा, भगर, सगळ्यांचे शेवटी बहुतेक ग्लुकोजच होते. ते आतड्याच्या रक्तात उतरते. हे रक्त सरळ अंगभर जात नाही. एका मोठ्या शिरेतून ते आधी यकृतात जाते.

यकृताचे धरण

आपल्या तालुक्यात करंजवण आहे, वाघाड आहे, पालखेड आहे, ओझरखेड आहे. धरण कशाला असते ते तुम्हाला सांगायला नको. पाऊस चार महिने पडतो. पाणी बारा महिने लागते. पडेल तेव्हा साठवायचे आणि लागेल तसे सोडायचे.

यकृताचेही तसेच आहे. जेवण झाले की साखरेचा पूर येतो. तो सगळा रक्तात सोडला तर नासधूस होईल. म्हणून यकृत त्यातला मोठा वाटा अडवून ठेवते. पण साखर आहे तशी ठेवत नाही. ग्लुकोजचे कण पुन्हा एकमेकांना जोडते आणि त्यांचा झुपका करते. या साठवलेल्या साखरेला ग्लायकोजेन म्हणतात. यकृतात असे सुमारे शंभर ग्रॅम ग्लायकोजेन मावते. मग रात्री झुपक्यातला एकेक कण तोडून यकृत रक्तात सोडत राहते.

आपले धरण भरलेले डोळ्यांना दिसते. यकृताचे धरण कोणाला दिसले? त्याची गोष्ट मोठी सुरस आहे.

फ्रान्स देशात सेंट जुलियन नावाचे एक खेडे आहे. द्राक्षमळ्यांचा मुलूख. तिथे १८१३ साली एका द्राक्ष पिकवणाऱ्याच्या घरी मुलगा जन्मला. त्याचे नाव क्लोद बर्नार. पुढे तो पॅरिसला जाऊन मोठा शास्त्रज्ञ झाला. तरी द्राक्षाच्या तोडणीच्या दिवसांत तो गावी येत असे.

त्या काळी सगळे विद्वान मानत असत की साखर फक्त वनस्पती तयार करतात. प्राणी ती खातात आणि संपवतात. बर्नारने कुत्र्याला नुसते मांस खाऊ घातले. साखरेचा कण नाही, पिठाची चिमूट नाही. मग यकृतातून बाहेर पडणारे रक्त तपासले. त्यात साखर होती! हे १८४८ साल.

लोकांना पटले नाही. म्हणून त्याने १८५५ साली आणखी एक प्रयोग केला. त्याने मेलेल्या प्राण्याचे ताजे यकृत घेतले. त्याच्या शिरांतून थंड पाणी सोडले. बाहेर येणाऱ्या पाण्यात साखर दिसेनाशी होईपर्यंत धुतच राहिला. आता यकृतात साखर उरली नाही. ते तसेच ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी तपासले, तर त्यात पुन्हा भरपूर साखर! म्हणजे यकृतात असे काही आहे, की ज्याची साखर होते. दोन वर्षांनी, १८५७ मध्ये, त्याने तो पदार्थ वेगळा काढून दाखवला. त्यालाच ग्लायकोजेन हे नाव मिळाले. साखर जन्माला घालणारा, असा त्याचा अर्थ.

आबांच्या सूनबाईंचा प्रश्न जो होता, तोच बर्नारचा होता. खाल्ली नाही, तर आली कुठून? फरक इतकाच, की बर्नारने गुळाचा डबा न उघडता यकृत उघडून पाहिले.

दोन टोळ्या

साखर जोडायची आणि तोडायची, ही दोन्ही कामे यकृतात विकर करतात. द्राक्षाच्या हंगामात पेठ आणि सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात. एक टोळी छाटणीची, एक डिपिंगची. विकरांचे तसेच समजा. एक टोळी साखर आत घेऊन झुपक्यात जोडते. दुसरी टोळी झुपक्यातून साखर तोडते. तिसरी एक टोळी आहे. ती साठा कमी पडला की नवी साखर घडवते. कशापासून? स्नायूंतल्या प्रथिनांपासून, चरबीच्या एका भागापासून, आणि राबलेल्या स्नायूंतून जे आंबट द्रव्य रक्तात येते त्यापासून. उपास दिवसभराहून लांबला की साठवलेले ग्लायकोजेन जवळजवळ संपते. मग सारा भार या तिसऱ्या टोळीवर येतो. रोजच्या रात्रीसुद्धा पहाटेपर्यंत जवळजवळ निम्मी साखर हीच टोळी पुरवते.

नव्याने साखर घडते, हे लक्षात ठेवा. आबांच्या कोड्याचे निम्मे उत्तर इथेच आहे. जेवण सोडले म्हणून ही टोळी थांबत नाही. उलट तिला जास्त काम लागते.

आता एक गमतीची गोष्ट. ग्लायकोजेन फक्त यकृतात नसते. हातापायांच्या स्नायूंतही असते, आणि यकृताच्या तिप्पट-चौपट असते. पण स्नायू त्यातला कणही रक्ताला देत नाहीत. का? पेशीत शिरलेल्या साखरेला लगेच एक खूणगाठ मारली जाते. ती गाठ असेपर्यंत साखर बाहेर पडू शकत नाही. गाठ सोडणारा एक विकर आहे. त्याचे नाव ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेटेज. नाव अवघड आहे. एकदा वाचा आणि सोडून द्या. हा विकर यकृताजवळ आहे, स्नायूंजवळ नाही. म्हणून स्नायूंचा साठा ज्याचा त्याच्यापुरता. यकृताचा साठा मात्र साऱ्या गावाचा.

काही मुले जन्मतःच या विकरावाचून येतात. अशी मुले फार थोडी. त्यांच्या यकृतात साखर भरत जाते, पोट मोठे दिसते. पण दोन-चार तास दूध मिळाले नाही, की रक्तातली साखर उतरून मूल झटके देऊ लागते. धरण काठोकाठ भरलेले आणि दरवाजाच नाही! या मुलांत हाच विकर नसतो, हे १९५२ साली गर्टी कोरी आणि कार्ल कोरी या नवराबायकोने दाखवून दिले. ग्लायकोजेन कसे तुटते आणि कसे जुळते हे शोधल्याबद्दल १९४७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. वैद्यकाचे नोबेल मिळवणारी गर्टी कोरी ही पहिली बाई. दोघांनी सारी हयात एकत्र काम केले. पण नवरा कधीच मोठ्या हुद्द्यावर पोचला होता, आणि बाईला पूर्ण प्राध्यापकपद मिळाले ते त्याच १९४७ साली. आपल्याकडेच असे होते असे नाही.

निरोप कोण देतो?

टोळ्या आहेत, पण कोणती टोळी केव्हा कामाला लावायची? दोन्ही एकदम लागल्या, तर एक जोडील आणि दुसरी तोडील. काम शून्य. म्हणून निरोप लागतो. हा निरोप रक्तातून येतो. निरोप घेऊन येणाऱ्या पदार्थाला संप्रेरक म्हणतात. हार्मोन हाही शब्द आता कानावर असतो.

बागाइतदारांना हे चटकन कळेल. द्राक्षाचा घड तुम्ही जीएच्या पाण्यात बुडवता. शेकडो लिटर पाण्यात जीए किती? काही ग्रॅम. ते खत नाही, ते वेलीचे जेवण नाही. तो नुसता निरोप आहे. तेवढ्याने मणी लांबतो, फुगतो. वेलीचे संजीवक तसेच माणसाचे संप्रेरक. थोडेसे पुरते आणि काम मोठे करते.

साखरेचे दोन मुख्य निरोपे एकाच घरात राहतात. जठराच्या मागे आडवी पसरलेली एक ग्रंथी आहे. तिचे नाव स्वादुपिंड. त्यात पेशींची लहान लहान बेटे असतात. जेवणानंतर रक्तात साखर वाढली, की या बेटांतून इन्सुलिन निघते. इन्सुलिन स्नायूंना आणि चरबीच्या पेशींना सांगते, दारे उघडा, साखर आत घ्या. यकृताला सांगते, आता साठव, सोडणे बंद कर, नवी घडवणेही बंद कर.

रक्तात साखर उतरू लागली, की त्याच बेटांतून दुसरा निरोप्या निघतो. त्याचे नाव ग्लुकागॉन. तो यकृताला सांगतो, सोड. जोडणारी टोळी बसते आणि तोडणारी उठते. स्वादुपिंडाचे रक्त अंगभर फिरण्याआधी यकृतातच जाते. म्हणून हे दोन्ही निरोप यकृताला सर्वांत आधी आणि सर्वांत ठळक ऐकू येतात.

वाघाडवर शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढल्या आणि पाणी आपले आपण वाटून घेऊ लागले. पाळी ठरलेली असली आणि निरोप वेळेवर पोचला, की शेवटच्या शेतालाही पाणी मिळते. पण अंगातली पाळी महिन्याची नसते. ती घटकेघटकेला बदलते.

आणखीही निरोपे आहेत. संध्याकाळी उसाच्या कडेने चालला आहात आणि समोर बिबट्या उभा राहिला. काळीज धडधडते, अंगाला घाम फुटतो. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहान ग्रंथी आहेत, त्यांतून अ‍ॅड्रिनलिन सुटते. ते यकृताला ओरडून सांगते, सोड सगळी साखर, पळायचे आहे! त्याच ग्रंथींतून कॉर्टिसोल नावाचे दुसरे संप्रेरक निघते. ते पहाटे वाढते. माणसाला उठायचे असते, कामाला लागायचे असते, त्याची ती तयारी. तेही यकृताला साखर सोडायला आणि घडवायला लावते. ताप आला, जखम पिकली, मनाला घोर लागला, तरी हे संप्रेरक वाढते. म्हणून तापात मधुमेह्याची साखर चढते.

साखर उतरवणारा निरोप्या मात्र एकटा इन्सुलिन. चढवणारे चार, उतरवणारा एक. माणसाच्या मागच्या हजारो पिढ्यांना भूक ठाऊक होती, अजीर्ण क्वचितच ठाऊक होते. हे त्याचेच चिन्ह असावे.

स्वादुपिंड काढले तर कुत्र्याला मधुमेह होतो, हे १८८९ साली जर्मनीत दिसून आले. पण त्यातला निरोप्या हाती यायला पुढे तीस वर्षांवर काळ गेला. कॅनडातल्या टोरांटो शहरात १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट या दोघांनी तो मिळवला. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉमसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इन्सुलिन टोचले. पहिल्या खेपेला नीट गुण आला नाही. बारा दिवसांनी अधिक शुद्ध केलेले टोचले, आणि मरणाला टेकलेला मुलगा उठून बसला. तो पुढे तेरा वर्षे जगला. (आपल्या बागेतल्या थॉमसन द्राक्षाचा आणि याचा काही संबंध नाही.) त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस जगवत. दुसरा इलाज नव्हता.

मग आबांचे काय झाले?

आबांच्या स्वादुपिंडात इन्सुलिन तयार होते. पण पूर्वीइतके नाही. आणि जे होते ते यकृत नीट ऐकत नाही. कानाला दडे बसावेत तसे. रात्री इन्सुलिन सांगते, पुरे, आता बंद कर. यकृत ऐकत नाही. तोडणारी टोळी चालू, घडवणारी टोळीही चालू. पहाटे त्यात कॉर्टिसोलची भर. धरणाचा दरवाजा गंजून अर्धा उघडा राहिला, तर पाळी नसतानाही पाटाला पाणी येते. सकाळी मोजले तर १७२.

म्हणून आबांनी रात्रीची भाकरी सोडली, तरी सकाळची साखर उतरली नाही. उपाशी राहणे हा या दुखण्यावरचा उपाय नव्हे.

आबांना ही गोष्ट आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी सांगितली. सूनबाईही ऐकत होत्या.

"आबा, तुमची मेटफॉर्मिनची गोळी आहे ना, ती मुख्यतः यकृतावरच काम करते. यकृतात नवी साखर घडते, ती कमी करते. तुम्ही गोळी रोज घेता का?"

आबा जरा वेळाने म्हणाले, "साखर बरी वाटली की नाही घेत."

"बरी वाटते म्हणजे कशी?"

"म्हणजे काही होत नाही तेव्हा."

डॉक्टरबाई हसल्या. "साखर दीडशे-दोनशे असली तरी अंगाला काही कळत नाही. ती आतल्या आत डोळे, मूत्रपिंडं आणि पायांच्या नसा खराब करते. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो."

सूनबाईंनी घरी येऊन गुळाचा डबा पुन्हा जागेवर ठेवला. बोलल्या काही नाहीत. पण त्या दिवशी आबांच्या ताटात गरम भाकरी त्यांनी स्वतः वाढली.

लठ्ठ नसतानाही?

आबा किडकिडीत आहेत. त्यांना वाटे, साखर हे शहरातल्या जाड्या माणसांचे दुखणे. पुष्कळांना असे वाटते. याबाबत आपल्याच महाराष्ट्रात महत्त्वाचे काम झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत शेतकरी घरांतल्या आयाबाया आणि त्यांची मुले तपासली. तिथल्या बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन गावच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान. पण त्यांच्यात कमी होते ते मांस. कातडीखालची चरबी तेवढी कमी नव्हती. वरून बारीक आणि आतून चरबीदार!

याज्ञिकांनी स्वतःचेही उदाहरण दिले आहे. लंडनचे डॉ. जॉन युडकिन आणि ते, दोघांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे. पण शंभर भागांत चरबी मोजली तर युडकिनांच्या अंगात नऊ भाग आणि याज्ञिकांच्या अंगात एकवीस भाग. दोघांचे फोटो आणि हे आकडे २००४ साली विलायतेतल्या लॅन्सेट या साप्ताहिकात छापले गेले.

ही आतली चरबी पोटात आणि यकृतातही साठते. चरबी भरलेल्या यकृताला इन्सुलिनचा निरोप ऐकू येत नाही. म्हणून अंगाने सडपातळ असूनही कमरेचा घेर सुटला असेल, तर रक्त तपासून घ्यावे. तीस वर्षांवरच्या माणसांची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत करतात. उपाशी पोटी साखर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर. १२६ किंवा जास्त, आणि दुसऱ्यांदा तपासूनही तीच, तर मधुमेह. चालणे, अंगमेहनत आणि पोटाचा घेर कमी करणे यांनी यकृतातली चरबी उतरते आणि कान पुन्हा उघडतात. पण बागेत फटफटीवरून चक्कर मारली, तर ती अंगमेहनत होत नाही. हे आबांनाच नव्हे, त्यांच्या मुलालाही लागू आहे.

गडाची वाट आणि नवरात्राचा उपास

आता आपल्या भागातली खास गोष्ट. नवरात्र आले की दिंडोरीहून वणी, वणीहून नांदुरी आणि मग सप्तशृंगीचा गड, अशी माणसे चालत जातात. कितीकांचा नऊ दिवसांचा उपास असतो. निरोगी माणसाचे यकृत हे सारे पेलते. चढणीला स्नायू आपला साठा वापरतात, यकृत मेंदूला पुरवते, उरलेले काम चरबीवर चालते.

मधुमेह्याचे मात्र दोन्हीकडून अडते. उपासाला साबुदाणा, बटाटा, रताळे खाल्ले, की साखर भरकन चढते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टच. आणि दुसरीकडे, इन्सुलिनचे इंजेक्शन घेऊन किंवा इन्सुलिन वाढवणारी गोळी खाऊन पोट रिकामे ठेवले, तर साखर एकदम खाली येते. का? औषध यकृताला सांगत राहते, बंद कर, सोडू नको. खाली रिकामे पोट, वर चढण. पुरवठ्याची दोन्ही दारे बंद. एकटी मेटफॉर्मिन घेणाऱ्याला असे क्वचितच होते. पण आपली गोळी कोणती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून उपास धरण्याआधी गोळ्यांचे पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जावे. ते गोळीची वेळ आणि माप बदलून देतील. आपल्या मनाने औषध बंद करू नये. इन्सुलिनवर असलेल्या लहान मुलाचे किंवा तरुणाचे इंजेक्शन उपासापायी बंद केले, तर जीव जाऊ शकतो.

साखर ७० च्या खाली गेली, की खुणा दिसतात. हात थरथरतात, गार घाम फुटतो, छाती धडधडते, खूप भूक लागते. हे अ‍ॅड्रिनलिनचे काम. यकृताला जागे करण्याची ती धडपड असते. त्याहून खाली गेली, की मेंदू उपाशी पडतो. माणूस बरळतो, झोकांड्या खातो. यात्रेच्या गर्दीत लोक म्हणतात, प्यायलाय, सोडा त्याला. आणि तो न पिता मरतो.

अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजावी. पंधरा मिनिटे थांबावे. बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच पाजावी. मग काही खायला द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नये. ते श्वासनळीत जाते. कुशीवर निजवावे आणि १०८ नंबरला फोन करून दवाखान्यात न्यावे.

आणि जो खरोखरच प्यायला असेल त्याचे काय? त्याच्यासाठीही दोन ओळी हव्यात. दारू पोटात गेली की यकृत आधी तिचा निकाल लावायला बसते. त्या वेळात नवी साखर घडवणारी टोळी बसून राहते. दिवसभर न जेवता संध्याकाळी दारू प्यायलेल्या माणसाची साखर रात्री घातक इतकी उतरू शकते. मधुमेह नसला तरी. घरचे म्हणतात, झोपू द्या, उतरेल सकाळी. देशी असो की नाशिकची वाईन, यकृताला त्यात फरक नाही.

यंदा नवरात्राच्या आठ दिवस आधी आबा गोळ्यांचे पाकीट घेऊन आरोग्य केंद्रात गेले. डॉक्टरबाईंनी उपासाचा नऊ दिवसांचा बेत दोन दिवसांवर आणला, पहिला आणि शेवटचा. भगरीबरोबर ताक आणि शेंगदाणे घ्यायला सांगितले. गड चढायला हरकत नाही म्हणाल्या, पण सकाळी खाऊन आणि सोबत घेऊन.

आबा निघाले तेव्हा सूनबाई ओट्यावर आल्या आणि त्यांनी एक कागदाची पुडी आबांच्या खिशात घातली.

"काय आहे गं?"

"साखर. थरथर वाटली तर लगेच पाण्यातून घ्या. आणि आबा, परत आल्यावर पुडी बघीन मी. उघडली असेल तर का उघडली ते सांगा."